अँटिबॉडी नसताना परकं कसं ओळखायचं? : कीटकांमधलं ऊतिप्रत्यारोपण

माणसातल्या अवयवरोपणाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ढोबळमानाने ठाऊक आहे. भावाची किडनी भावाला बसवायची तरी आधी जुळणी पाहावी लागते, आणि जुळली तरी पुढे आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. आजचा प्रश्न त्याच वाटेवरचा, पण जरा वेगळ्या प्राण्याबद्दलचा आहे. एका झुरळाच्या शरीरातला तुकडा काढून दुसऱ्या झुरळात ठेवला तर काय होतं? आणि झुरळात टोळाचा तुकडा ठेवला तर?

प्रश्न ऐकून कुणालाही वाटेल, हे कशाला करायचं? झुरळाला कोण किडनी बसवणार आहे! पण या प्रयोगांमागे एक मोठा प्रश्न आहे. 'आपलं' आणि 'परकं' हा भेद शरीर नेमका कशावरून करतं? आपल्यात हे काम ज्या यंत्रणेकडे आहे, ती कीटकांत मुळीच नाही. अँटिबॉडी नाहीत, टी-पेशी नाहीत, बी-पेशी नाहीत, आणि दाता-रुग्ण जुळवताना आपण जे एचएलए रेणू तपासतो तेही नाहीत. तरीसुद्धा कीटक परकं ओळखतात, आणि चांगलं ओळखतात. ते कसं, हे आज पाहू.

आधी आपल्याकडचं थोडं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करताना डॉक्टरांना एक अडचण सतत येत होती. दुसऱ्या माणसाची त्वचा लावली की ती काही दिवस टिकायची आणि मग गळून पडायची. ग्लासगोमध्ये टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावार यांनी १९४३ साली एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर नाकारली जाते. म्हणजे शरीर पहिल्या वेळचं लक्षात ठेवतं. मेडावार यांनी पुढे सशांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की हा प्रतिकारशक्तीचाच खेळ आहे. १९६० साली त्यांना फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

यातली एक गोष्ट आज आपल्याला सारखी लागणार आहे. माणसाचं शरीर *दुसऱ्या माणसाची* ऊती नाकारतं. जात एकच, तरीही व्यक्ती वेगळी म्हणून नकार. एचएलए रेणू माणसागणिक वेगळे असतात, आणि टी-पेशी तो फरक टिपतात. एकसारख्या जुळ्यांत हा फरक नसतो, म्हणून त्यांच्यात रोपण सहज टिकतं.

चिलटाच्या पोटात तिसरा डोळा

आता कीटकांकडे येऊ. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं, म्हणजेच ड्रोसोफिला ही फळमाशी. १९३५ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी आणि जॉर्ज बीडल या दोघांनी एक नाजूक प्रयोग केला. फळमाशीच्या अळीत पुढे डोळा होणारी पेशींची एक छोटी चकती असते. ती त्यांनी बारीक काचेच्या नळीत ओढून घेतली आणि दुसऱ्या अळीच्या पोटात सोडली. अळीचा कोष झाला, कोषातून माशी बाहेर आली, आणि तिच्या पोटात एक तिसरा डोळा तयार झालेला होता! दिसत काही नव्हतं त्यातून, पण डोळ्याची रचना आणि रंग अगदी व्यवस्थित.

त्यांना डोळ्याच्या रंगाची जनुकं समजून घ्यायची होती. वेगवेगळ्या रंगांच्या २६ उत्परिवर्तित माशांच्या चकत्या त्यांनी तपासल्या. व्हर्मिलियन आणि सिनाबार या दोन प्रकारांच्या चकत्या साध्या अळीत ठेवल्यावर साध्याच रंगाच्या झाल्या, म्हणजे यजमान अळीने त्यांना एखादा रासायनिक पदार्थ पुरवला होता. जनुक आणि रसायन यांची सांगड घालणाऱ्या विचाराची सुरुवात इथे झाली. त्याच वाटेने पुढे गेलेल्या बीडल यांना १९५८ साली एडवर्ड टेटम आणि जोशुआ लेडरबर्ग यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण आपण त्याच प्रयोगाकडे दुसऱ्या बाजूने बघू. एका अळीची ऊती दुसऱ्या अळीत गेली, आणि नकार आलाच नाही. झुरिचमध्ये एर्न्स्ट हाडोर्न यांनी अशा चकत्यांचे तुकडे प्रौढ माशीच्या पोटात ठेवले, वाढले की काढून पुढच्या माशीत, तिथून त्याच्या पुढच्या, अशी वर्षानुवर्षं परंपरा चालवली. ऊती टिकत राहिली. औषध नाही, जुळणी नाही, काही नाही.

मग असं म्हणायचं का, की कीटकांना परकं कळतच नाही?

मग टोळाचा तुकडा ठेवला तर?

तसं मुळीच नाही. कीटकाच्या शरीरात नायलॉनच्या धाग्याचा तुकडा ठेवा, काचेचा कण ठेवा, प्रयोगशाळेत वापरतात ते सेफाडेक्सचे बारीक मणी ठेवा. बऱ्याचदा एक-दोन दिवसांत त्याभोवती पेशींचं जाड वेष्टन तयार झालेलं दिसतं. पुष्कळदा ते वेष्टन काळं पडलेलं असतं. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात, आपण 'कोंडणं' म्हणू.

हे कोंडणं कसं होतं? कीटकाचं रक्त आपल्यासारखं बंद नळ्यांमधून वाहत नाही. शरीराच्या पोकळीतच ते खेळत असतं आणि सगळे अवयव त्यात बुडालेले असतात. या द्रवाला हिमोलिम्फ म्हणतात, आणि त्यात तरंगणाऱ्या पेशींना हिमोसाइट. परकी वस्तू दिसली की काही हिमोसाइट तिला चिकटतात आणि आपल्यातले पदार्थ बाहेर टाकतात. त्या इशाऱ्याने आणखी पेशी येतात, चपट्या होतात, एकमेकींना घट्ट धरतात आणि थरावर थर रचतात. वस्तू एका पेशीने गिळण्याइतकी लहान असेल तर गिळली जाते. गिळण्याजोगी नसेल तर कोंडली जाते. फळमाशीच्या अळीत तर खास या कामासाठी लॅमेलोसाइट नावाच्या मोठ्या चपट्या पेशी तयार होतात. निरोगी अळीत त्या जवळपास नसतातच, गरज पडली की बनतात.

आणि काळा रंग? त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. वांग्यात जे घडतं त्याच जातीची रासायनिक क्रिया इथे घडते. फिनॉलऑक्सिडेज नावाचं तांबंयुक्त एन्झाइम फिनॉल गटातल्या पदार्थांचं ऑक्सिडीकरण करतं आणि शेवटी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनतं. एरवी हे एन्झाइम निष्क्रिय रूपात पडून असतं, धोका दिसला की दुसरी एन्झाइमं त्याला चालू करतात. या क्रियेत तयार होणारे मधले पदार्थ विषारी असतात. आत कोंडलेल्या जिवाला हवाही मिळत नाही आणि वर हे विष. तो बहुधा मरतो.

म्हणजे हत्यारं भरपूर आहेत. प्रश्न उरतो तो हत्यार कधी उचलायचं याचा.

ग्लासगोमध्ये ॲन लॅकी यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत हाच प्रश्न पद्धतशीरपणे तपासला. आपल्या घरात दिसतं ते मोठं तपकिरी झुरळ, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, आणि वाळवंटी टोळ हे त्यांचे यजमान. त्यांत त्यांनी वेगवेगळ्या कीटकांच्या ऊती ठेवल्या. झुरळाने आपल्याच जातीच्या दुसऱ्या झुरळाची ऊती कोंडली नाही. जवळच्या नात्यातल्या जातींची ऊतीही चालवून घेतली. नातं लांबचं झालं की मात्र कोंडणं सुरू. टोळ झुरळाइतका चोखंदळ निघाला नाही, झुरळ ज्यावर तुटून पडायचं त्यातलं बरंचसं त्याने चालवून घेतलं. म्हणजे रेघ प्रत्येक कीटक वेगळ्या जागी ओढतो, पण ती 'मी आणि दुसरी व्यक्ती' यांच्यामध्ये ओढलेली नसते. ती बरीच लांब असते.

कीटक नेमकं काय तपासतो?

उत्तराचा धागा फळमाशीवरच्या प्रयोगांतून हाती आला. अमेरिकेत रिझ्की दांपत्याने अळीच्या मेदऊतीचे तुकडे दुसऱ्या अळीत ठेवले. कीटकांत, आणि आपल्यातही, अवयवांच्या भोवती प्रथिनांचा एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. हा पडदा शाबूत असलेली, जवळच्या नात्यातल्या अळीची ऊती ठेवली तर हिमोसाइट तिला हात लावत नाहीत. पण तीच ऊती पडदा खरचटवून ठेवली तर ती कोंडली जाते. आणि लांबच्या जातीची ऊती पडदा धड असूनही कोंडली जाते.

बघा, यातून काय कळतं. हिमोसाइट आतल्या पेशीची जन्मपत्रिका बघत नाही. ती फक्त पृष्ठभाग बघते. पृष्ठभाग ओळखीचा आणि अखंड असेल तर पुढे चला. नसेल तर कोंडा.

आपल्या टी-पेशी 'हे परकं आहे' अशी खूण शोधतात. कीटकाची हिमोसाइट बहुतांशी 'हे आपलं आहे' ही खूण शोधते, आणि ती *सापडली नाही* तर कामाला लागते. दारावरच्या राखणदाराकडे चोरांचे फोटो असणं आणि त्याने प्रत्येकाकडे ओळखपत्र मागणं, यांत जो फरक आहे तो हा. नायलॉनच्या धाग्याविरुद्ध कुठल्याही कीटकाच्या पूर्वजाने कधी लढा दिलेला नाही. तरी तो कोंडला जातो, कारण त्याच्याकडे ओळखपत्र नाही. ही पद्धत आपल्यातही एका ठिकाणी आहे. आपल्या नॅचरल किलर पेशी 'स्व'ची खूण हरवलेल्या पेशींवर हल्ला करतात.

या विचाराची सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे उलटा प्रयोग. स्वतःच्याच ऊतीची खूण पुसली तर? फळमाशीचा टीयू-एसझेड नावाचा एक उत्परिवर्तित प्रकार फार पूर्वीपासून माहीत आहे. वाढलेल्या तापमानात या अळीच्या शरीराच्या मागच्या भागातली स्वतःचीच मेदऊती हिमोसाइट कोंडून टाकतात आणि ती काळी पडते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं कारण उलगडलं. या अळीत शेजारशेजारच्या दोन जनुकांत बिघाड आहे. एका बिघाडामुळे लॅमेलोसाइट विनाकारण तयार होतात, म्हणजे सैन्य कायम सज्ज. दुसऱ्यामुळे पडद्यावरच्या प्रथिनांना जोडल्या जाणाऱ्या साखरेच्या साखळ्या नीट घडत नाहीत, म्हणजे ओळखपत्रावरचा शिक्काच नाही. दोन्ही एकत्र आलं की शरीर स्वतःवर उलटतं. आपल्याकडच्या स्वयंप्रतिकार आजारांची ही कीटकांमधली आवृत्ती म्हणता येईल.

निसर्गातलं प्रत्यारोपण

आता कुणी म्हणेल, निसर्गात कोण कुणाची ऊती कुणात बसवतं? अहो, रोज बसवतात! आपल्या हरभऱ्याच्या शेतातच हे चालू असतं.

हरभऱ्यावरच्या घाटे अळीचा बंदोबस्त करणारा एक मित्रकीटक आहे, कॅम्पोलेटिस क्लोरिडी. गांधीलमाशीच्या कुळातला हा छोटासा कीटक. याची मादी लहान घाटे अळीला शोधते, टोचते आणि आत एक अंडं घालते. अंड्यातून निघालेली तिची अळी घाटे अळीला आतून खाते. म्हणजे जिवंत परकी ऊती सरळ दुसऱ्याच्या रक्तात ठेवली गेली. आपण आत्ता पाहिलं त्यानुसार ती कोंडली जायला हवी. मग का जात नाही?

याच्या अमेरिकन भावंडावर, कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिसवर, झालेला प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. मादीच्या अंडवाहिनीत एक द्रव असतो. अंडी धुऊन, तो द्रव काढून टाकून अळीत टोचली तर ती कोंडली गेली. द्रवासोबत टोचली तर वाचली. आणि द्रवात काय होतं? विषाणू! मादी अंड्यासोबत विषाणूचे कण टोचते, ते घाटे अळीच्या जातभाईच्या पेशींत शिरतात आणि तिची प्रतिकारयंत्रणा लंगडी करतात. या विषाणूंची जनुकं त्या मित्रकीटकाच्या स्वतःच्याच गुणसूत्रांत असतात, आईकडून लेकीकडे जातात. मित्रकीटकांच्या दुसऱ्या एका मोठ्या गटात अशा विषाणूंशी जमलेली ही भागीदारी सुमारे १० कोटी वर्षं जुनी आहे.

ही झाली राखणदाराला गुंगी देण्याची युक्ती. दुसरी युक्ती खोट्या ओळखपत्राची. केंब्रिजमध्ये जॉर्ज सॉल्ट यांनी पिठातल्या पतंगाच्या अळीत अंडं घालणाऱ्या व्हेंच्युरिया या मित्रकीटकावर, तेव्हाचं नाव नेमेरिटिस, दीर्घकाळ काम केलं. त्याचं अंडं यजमानाच्या रक्तात उघड्यावर असतं, यजमानाची कोंडण्याची ताकद शाबूत असते, तरी अंड्याला कुणी हात लावत नाही. कारण अंडं बाहेर पडताना त्यावर बारीक कणांचा एक लेप चढतो. लेप चढण्याआधीच अंडाशयातून काढलेलं अंडं मात्र कोंडलं जातं. पुढे कळलं की या कणांमधलं एक प्रथिन यजमानाच्या स्वतःच्या प्रथिनाशी मिळतंजुळतं आहे. म्हणजे पृष्ठभाग तपासणाऱ्या यंत्रणेला पृष्ठभागानेच फसवलं.

तिसरी युक्ती आपल्याकडचे रेशीम शेतकरी डोळ्यांनी पाहतात. उझी माशी रेशीमकिड्याच्या अंगावर अंडं घालते. तिची अळी कातडी भोकसून आत शिरते आणि त्या जागी काळा डाग उमटतो. तो डाग म्हणजे रेशीमकिड्याच्या प्रतिकाराची खूण. पण या गटातल्या माश्यांच्या अळ्या त्या कोंडणाऱ्या पेशींचीच एक नळी करून घेतात आणि तिच्यातून बाहेरची हवा घेतात. तुरुंगाच्या भिंतीतूनच खिडकी काढली म्हणा ना.

शेतीच्या दृष्टीने याला मोठं महत्त्व आहे. एखादा मित्रकीटक कुठल्या किडीवर चालेल आणि कुठल्यावर नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टींत त्याचं अंडं त्या किडीच्या रक्तात टिकतं की काळं पडतं, ही एक प्रमुख गोष्ट असते. मित्रकीटक शेतात सोडण्याआधी हे पाहावंच लागतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*कीटक 'खालच्या पायरीवरचे' म्हणून त्यांना स्वजातीतला फरक कळत नाही, असं म्हणायचं का?*

नाही. स्पंज आणि प्रवाळ हे कीटकांपेक्षा कितीतरी साधे प्राणी, पण ते स्वजातीतल्या दुसऱ्या वसाहतीची ऊती नाकारतात. कारणही समजण्यासारखं आहे. ते एका जागी चिकटून वाढतात, शेजाऱ्याला भिडतात, तेव्हा 'मी कुठे संपतो आणि तू कुठे सुरू होतोस' हे त्यांना रोज ठरवावं लागतं. झुरळाला दुसऱ्या झुरळाची ऊती अंगात शिरण्याचा धोका नाही. त्याला धोका आहे तो दुसऱ्या जातीच्या अंड्याचा, अळीचा, जंताचा. ज्या धोक्याला तोंड द्यावं लागतं, त्याच्या मापाची यंत्रणा उत्क्रांत होते. पायरीचा संबंध नाही.

*कीटकांना मेडावार यांच्या सशांसारखी आठवण राहते का?*

इथे वाद आहे. १९८०च्या दशकात सिनसिनाटीमध्ये रिचर्ड कार्प यांच्या गटाने झुरळाच्या पाठीवर दुसऱ्या झुरळाच्या कवचाचे तुकडे बसवले. कवचाखालच्या पेशी मरतात का, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. स्वजातीचे तुकडेही हळूहळू नाकारले जातात, आणि दुसऱ्यांदा नकार लवकर येतो, पण ही आठवण थोड्या काळापुरतीच टिकते, असं त्यांनी मांडलं. सगळ्या प्रयोगशाळांना तसंच चित्र दिसलं नाही. मतभेदाचं एक कारण मोजमापात आहे. पोटातल्या ऊतीभोवती वेष्टन झालं का हे बघणं वेगळं, आणि कवचाखालच्या पेशी जगल्या का हे बघणं वेगळं. शिवाय कवच कापून बसवायचं म्हणजे जखम आलीच, आणि जखमेमुळे झालेला परिणाम आणि परकेपणामुळे झालेला परिणाम वेगळे काढणं अवघड जातं. असे प्रयोग वाचताना दोन गोष्टी आधी बघाव्यात: त्यांनी 'नकार' कशाला म्हटलं आहे, आणि स्वतःचाच तुकडा काढून परत स्वतःलाच बसवलेल्या झुरळांशी तुलना केली आहे का. ती तुलना नसेल, तर दिसलेला परिणाम परकेपणाचा की नुसत्या जखमेचा, हे सांगता येत नाही.